आरशासमोरची दोन मिनिटे

(एका कुटुंब-मेळाव्यात ज्येष्ठ दंतवैद्यांनी केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



दंतवैद्याला भाषणास बोलावणे हे धाडसाचे काम आहे. आमच्या खुर्चीत समोरचा माणूस तोंड उघडून बसलेला असतो आणि बोलत असतो मी. त्याला उत्तर देण्याची सोयच नसते. वर्षानुवर्षे अशा एकतर्फी संभाषणाची सवय जडल्यामुळे माझे वेळेचे भान सुटण्याची शक्यता आहे. तसे झाल्यास संयोजकांनी खुशाल चिठ्ठी पाठवावी.

आरंभी एक प्रश्न विचारतो. दात दुखत नसताना, केवळ तपासून घेण्यासाठी म्हणून, गेल्या वर्षभरात दंतवैद्याकडे गेलेले किती जण येथे आहेत? त्यांनी हात वर करावेत. पाच हात दिसतात, आणि त्यांतले दोन माझ्या घरचे आहेत! म्हणजे जमेस धरण्यासारखे तीनच. या सभागृहातील प्रत्येकाने गाडीची सर्व्हिसिंग मात्र वेळच्या वेळी करून घेतली असेल, याविषयी मला शंका नाही.

यात आपला दोष आहे तसा दातांच्या रचनेचाही आहे. दाताचे सर्वांत वरचे आवरण, ज्याला आपण इनॅमल म्हणतो, तो मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ होय. हाडापेक्षाही कठीण. परंतु त्याला संवेदना नाही. त्यामुळे कीड लागते तेव्हा दुखत नाही. कीड आवरण भेदून आतल्या थरात शिरते, गार पाण्याने किंचित शिणक येते, आपण त्या बाजूने चावणे सोडून देतो आणि काम भागवतो. मग एके रात्री अकरा वाजता दाढ ठणकू लागते. तोवर कीड दाताच्या गाभ्यापर्यंत, जेथे नस आणि रक्तवाहिन्या असतात तेथपर्यंत, पोहोचलेली असते. जे काम पहिल्या वर्षी वीस मिनिटांत आणि अल्प खर्चात झाले असते, त्यासाठी आता रूट कॅनाल करावे लागते, नाहीतर दाढ काढावी लागते. दुखणे ही रोगाची सुरुवात आहे अशी आपली समजूत आहे. दातांच्या बाबतीत दुखणे हा रोगाचा तिसरा अंक असतो.

आता कीड म्हणजे काय? पूर्वी जत्रेत कानात नळी घालून दाढेतला किडा काढून दाखवणारे वैदू असत. लहानपणी मी स्वतः तो पांढरा किडा डोळे विस्फारून पाहिलेला आहे. तो हातचलाखीचा भाग होता. दातात किडा नसतो, जंतू असतात. दातांवर सतत एक चिकट, पातळ थर साचत असतो. दात घासले नाहीत तर दुपारी जीभ फिरवल्यावर जो बुळबुळीतपणा लागतो, तोच हा थर. त्यातले जंतू आपण खाल्लेल्या साखरेवर जगतात आणि आम्ल तयार करतात. या आम्लाने दातातील खनिजे विरघळू लागतात. निसर्गाने त्यावर उपायही दिलेला आहे, तो म्हणजे लाळ. दिवसभरात साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ आपल्या तोंडात येते. ती आम्ल धुऊन काढते, त्याची तीव्रता घटवते आणि गेलेली खनिजे काही अंशी परतही देते. मात्र या कामाला तिला अर्धा तास, कधी त्याहून अधिक वेळ लागतो.

येथेच मुद्दा आहे. साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली, यावर दातांचे भवितव्य ठरते. स्वीडनमध्ये लुंड गावाजवळच्या व्हिपेहोम नावाच्या संस्थेत १९४५ ते १९५३ या काळात यावर मोठा प्रयोग झाला. जेवणासोबत घेतलेल्या साखरेने फारसे दात किडले नाहीत. तीच साखर चिकट टॉफीच्या रूपात दोन जेवणांच्या मध्ये दिली, तेव्हा दात झपाट्याने किडले. हा प्रयोग मतिमंद रुग्णांवर, त्यांच्या संमतीविना केला गेला, हेही सांगितले पाहिजे. आपल्याला आज जे ज्ञान पुस्तकात सहज वाचायला मिळते, त्याची किंमत कोणा असहाय माणसांनी आपल्या दातांनी मोजलेली आहे.

हे ध्यानात घेऊन आपल्या घरचा दिवस पाहा. सकाळी सहाला चहा, आठला चहा-बिस्किट, अकराला कचेरीत पुन्हा चहा, चारला चहा आणि सोबत काहीतरी, सहाला कोणी आले म्हणून आणखी एक कप. साखर मोजली तर फार नाही. परंतु दर वेळी अर्धा तास आम्लाचा, म्हणजे लाळेला उसंत कोठे आहे? सणावारी पुरणपोळी खाऊ नका असे मी म्हणणार नाही. दंतवैद्य झालो तरी मीही याच मातीतला आहे. पुरणपोळी जेवणात पोटभर खावी. त्यानंतर डब्यातली चिक्की येता-जाता तोंडात टाकणे मात्र थांबवावे. पंक्तीत खाल्लेल्या पाच मोदकांपेक्षा दिवसभर चघळलेल्या पाच गोळ्या दातांना अधिक महागात पडतात. आणि बिस्किट खारे असले तरी ते दाताला चिकटते व त्यातील पिष्टाची साखर तोंडातच होऊ लागते, हे त्यावर विसंबणाऱ्या माता-भगिनींनी लक्षात ठेवावे.

दात घासण्याचा विषय निघाला की आपल्याकडे दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, पूर्वीचे लोक कडुनिंबाची काडी वापरत, त्यांना कोठे दंतवैद्य लागत होता? दुसऱ्याला पूर्वीचे सारे अडाणीपणाचे वाटते. या दोघांनीही मूळ ग्रंथ उघडून पाहिलेला नसतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, दंतधावन दिवसातून दोन वेळा करावे असे सांगितले आहे. काडी तुरट, तिखट वा कडू रसाची असावी, तिचे टोक चावून मऊ करावे आणि घासताना हिरड्यांना इजा होऊ देऊ नये, असाही स्पष्ट निर्देश तेथे आहे. जीभ घासण्यासाठी सोने, रूपे, तांबे, कथील, पितळ यांची, धार नसलेली वक्र पट्टी सांगितलेली आहे. वाग्भटानेही सकाळी आणि भोजनानंतर असे दोन प्रसंग दिले आहेत. सुश्रुतांनी तर तोंडाच्या व घशाच्या काही रोगांत काडी वापरू नये असा निषेधही घातला आहे. म्हणजे मऊ टोक, दोन वेळा, हिरड्यांना न दुखवता आणि जिभेसह, हे जे मी खुर्चीत बसवून रोज सांगतो, ते या मातीत नवे नाही. नवे एवढेच की काडीच्या जागी ब्रश आला. नायलॉनच्या केसांचा ब्रश बाजारात आला तो १९३८ साली. त्यापूर्वी ब्रशला डुकराचे केस लावीत. आपल्या आजी-आजोबांनी ब्रशकडे संशयाने पाहिले त्यात त्यांची फारशी चूक नव्हती.

मात्र प्राचीन म्हणून जे जे चालत आले ते सारे चरकाच्या नावावर खपवू नये. राखुंडी, विटेचा भुगा, कोळशाची पूड हे ग्रंथातले दंतधावन नव्हे; ही गरिबीतून आलेली सोय होती. खरखरीत पुडीने दात पांढरे दिसतात ते स्वच्छ झाले म्हणून नव्हे, तर खरवडले गेले म्हणून. हिरडीलगत दाताला आडवी खाच पडलेली मला दररोज दिसते. तेथे ब्रशही तितकाच गुन्हेगार असतो. कडक ब्रश घेऊन भांडी घासल्यासारखे आडवे घासणारे आपल्यात पुष्कळ आहेत, विशेषतः पुरुष मंडळी. ब्रश मऊच घ्यावा. तो हिरडी आणि दात यांच्या सीमेवर तिरका टेकवून हलक्या हाताने फिरवावा, आतल्या बाजूनेही. दोन मिनिटे लागतात. घड्याळ लावून पाहा, आपण चाळीस सेकंदांत उरकतो. रात्रीचे घासणे सकाळपेक्षा महत्त्वाचे, कारण झोपेत लाळ कमी होते. घासून झाल्यावर फेस थुंकावा, पण खळखळून चुळा भरू नयेत. पेस्टमधील फ्लोराइड दातांवर राहू द्यावे. ही एक गोष्ट ऐकून लोक चमकतात, कारण आपल्याला दहा चुळांशिवाय चैन पडत नाही. लिंबू सरबत किंवा संत्रे घेतल्यावर मात्र लगेच घासू नये. अर्धा तास जाऊ द्यावा.

फ्लोराइडविषयी येथे एक अपवाद सांगणे भाग आहे. पेस्टमधील योग्य प्रमाणातील फ्लोराइड दाताचा मित्र आहे. परंतु पिण्याच्या पाण्यात ते प्रमाणाबाहेर असेल, लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर, तर लहान वयात घडणाऱ्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात आणि पुढे हाडेही बाधित होतात. आपल्या राज्यात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत कूपनलिकेच्या पाण्याचा हा प्रश्न आहे. तेथील मुलांना ‘दात घासत नाहीस का?’ म्हणून रागावणारे शिक्षक मी पाहिले आहेत. त्या मुलांचा काय दोष? तो डाग घासून जात नाही. तेथे पाणी तपासून घेतले पाहिजे आणि पिण्यासाठी दुसऱ्या स्रोताची सोय केली पाहिजे.

आता हिरड्या. घासताना रक्त आले की आपण काय करतो? त्या जागी घासणे सोडतो. हे उलटे आहे. रक्त येते ते तेथे थर साचून हिरडी सुजलेली असते म्हणून. ती जागा सोडली की थर आणखी वाढतो, त्याचे दगडासारखे कीटण होते आणि मग ते ब्रशने निघतच नाही. हिरडीची सूज ही परतीची वाट असलेली अवस्था आहे. नीट घासल्याने आणि एकदा कीटण काढून घेतल्याने ती पूर्ववत होते. दुर्लक्ष केले तर आतले हाड झिजू लागते, आणि झिजलेले हाड आपण होऊन परत येत नाही. चाळिशीनंतर धडधाकट, न किडलेले दात हलू लागतात ते यामुळे. अशा वेळी लोक माझ्याकडे येऊन सांगतात, ‘डॉक्टर, मागे दात साफ करून घेतले तेव्हापासून हलायला लागले.’ खरे असे की कीटणाने ते दात धरून ठेवलेले असतात. ते निघाल्यावर आतली पोकळी उघडी पडते. पडक्या भिंतीला टेकलेला ढिगारा काढला म्हणून भिंत पडली, असे म्हणण्यासारखे ते आहे. मधुमेही मंडळींनी तर हे विशेष ऐकावे. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात येणे अवघड होते. हा दुहेरी रस्ता आहे. गर्भवती भगिनींच्या हिरड्याही लवकर सुजतात. ‘दिवस गेले आहेत, आता दाताला हात नको’ असे म्हणून घरी बसू नये.

मुलांविषयी एकच गोष्ट सांगतो, पण ती प्रत्येक आईवडिलांनी घरी गेल्यावर पडताळून पाहावी. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ उगवते. तिच्यासाठी दुधाचा कोणताही दात पडत नाही. त्यामुळे ती आलेली कळतच नाही, आणि कळली तरी ‘दुधाचीच आहे, पडेल’ म्हणून सोडून दिली जाते. ती कायमची दाढ असते! साऱ्या जबड्याची ठेवण तिच्यावर अवलंबून असते, आणि आठव्या-नवव्या वर्षी किडून माझ्यापुढे येते ती बहुधा हीच. बरे, दुधाचे दात तरी टाकाऊ कसे? दुधाची मागची दाढ दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असते. ती अकाली गेली की शेजारचे दात सरकतात आणि खालच्या दाताची जागा बळकावतात. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवण्याची सवय तर वरचे पुढचे दात खाऊन टाकते.

आपल्यातील अनेक जण मुलांचे खेळ घेतात. कबड्डीत, खो-खोत एखाद्याचा पुढचा दात मुळासकट निखळतो. कायमचा दात असेल तर तो टाकू नका. मुळाला हात न लावता वरच्या भागाने धरावा, माती असेल तर क्षणभर पाण्याने धुवावा, घासू नये, आणि मूल शुद्धीवर असेल तर तेथल्या तेथे खाचेत बसवून रुमाल चावायला द्यावा. जमले नाही तर दात दुधात ठेवून तासाभराच्या आत, जितके लवकर तितके उत्तम, दंतवैद्याकडे पोहोचावे. दुधाचा दात मात्र परत बसवू नये.

आता ज्या विषयासाठी मी खरे तर हे निमंत्रण स्वीकारले, त्याकडे वळतो.

आपल्या ग्रामीण भागात आणि शहरातील वस्त्यांतही असंख्य स्त्रिया मिश्री लावतात. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि बोटाने हिरड्यांवर चोळायची. पुरुषांचा गुटखा डोळ्यांवर येतो. २०१२ पासून राज्यात त्यावर बंदी आहे, ती कितपत पाळली जाते हे आपण पानटपरीवर पाहतोच. स्त्रियांची मिश्री मात्र कोणाला दिसत नाही, कारण ती ‘दात घासणे’ या नावाखाली चालते. केंद्र सरकारने दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालण्यास १९९२ साली बंदी केली. घरच्या तव्यावर बंदी कशी घालणार?

बऱ्याच वर्षांपूर्वी तालुक्याच्या पलीकडच्या गावातून एक बाई आल्या. वय पन्नाशीचे. बरोबर नात होती. खालची दाढ दुखत होती. मी दहा मिनिटांत ती काढली. काढताना खालच्या ओठाच्या आत, जेथे मिश्री धरून ठेवतात तेथे, एक सुरकुतलेला पांढरा चट्टा मला दिसला. ‘मावशी, मिश्री सोडा’ एवढे म्हणालो आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली. तपासणीसाठी तुकडा घेतला नाही, पुन्हा बोलावले नाही, गावाचे नावही लिहून ठेवले नाही. दीड वर्षाने त्या आल्या तेव्हा जबडा सुजलेला होता. कर्करोग हाडापर्यंत गेला होता. मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, अर्धा जबडा काढावा लागला. पुढे त्या दोन वर्षे जगल्या. त्या गेल्यानंतर नात कागद घेण्यासाठी माझ्याकडे आली होती. कागद घेतले आणि जाताना म्हणाली, ‘डॉक्टर, आजीनं तुम्हालाच तर दाखवलं होतं.’

तिच्या स्वरात राग नव्हता. तो असता तर मला सोपे गेले असते. त्या दिवसापासून माझ्याकडे कोणीही, कोणत्याही दातासाठी येवो, मी आधी गाल, ओठाची आतली बाजू, जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा पाहतो. दात नंतर.

त्या बाईंनी मिश्री का धरली होती, हे मी त्यांना दुसऱ्या खेपेस विचारले. तरुणपणी दाढ दुखायची, गावात डॉक्टर नव्हता, सासूबाईंनी चिमूटभर दिली, ठणका थांबला. पुढे ती सुटेना. हीच कथा मी नंतर शेकडो तोंडून ऐकली. तंबाखूने ती जागा तात्पुरती बधिर होते, आणि बधिरपणाला औषध समजले जाते. एका किडलेल्या दाढेवर वेळेत उपचार झाला असता तर ते व्यसन लागलेच नसते. दातांची निगा आणि कर्करोग हे दोन विषय मला वेगळे वाटत नाहीत ते यामुळे.

आम्ही काही जण वस्त्यांत दंततपासणीची शिबिरे घेतो. पहिल्या वर्षी आम्ही ब्रश वाटले, मिश्री वाईट म्हणून भाषणे दिली आणि समाधानाने परतलो. सहा महिन्यांनी गेलो तर एका घरात पाच जणांचा मिळून एक ब्रश होता आणि मिश्रीचा डबा जागच्या जागी होता. मग एका अनुभवी कार्यकर्त्या ताईंनी आम्हाला गप्प बसवले आणि बायकांना नुसते विचारले, ‘दिवसातून किती वेळा लावता?’ कोणी पाच सांगितले, कोणी आठ. सकाळची लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, असेही बहुतेकींनी सांगितले. ताई म्हणाल्या, ‘सकाळची राहू द्या. दुपारची तेवढी सोडून बघा.’ पुढच्या महिन्यात संध्याकाळची. काहींची सुटली, काहींची नाही. मदत हवी असेल त्यांच्यासाठी १८००-११२-३५६ हा तंबाखूमुक्तीचा शासकीय निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. तो वस्तीत लिहून लावावा.

आणि सुपारीला निर्दोष समजू नका. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली तंबाखूविना सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे. गोड सुगंधी सुपारीच्या पुड्या खाणाऱ्या महाविद्यालयीन मुलांची तोंडे मी पाहतो. गालाच्या आत दोरखंडासारखे ताठ पट्टे येतात आणि तोंड उघडेनासे होते. आत्ता, येथेच, तीन बोटे उभी धरून तोंडात घालून पाहा. ज्याला जात नाहीत त्याने उद्याच दाखवावे. भारतातील पुरुषांत आज मुखाचा कर्करोग सर्वांत अधिक आढळतो, आणि तो होतो अशा जागी जी आरशात दिसते! पोटाच्या, फुफ्फुसाच्या रोगाला यंत्रे लागतात. याला खिडकीतला उजेड पुरतो. महिन्यातून एकदा दात घासून झाले की ओठ उलटून, गाल ताणून, जीभ उचलून पाहावी. पांढरा वा लाल चट्टा, गाठ, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, ती दुखत नसली तरी, थांबू नये.

चिठ्ठी आलेली आहे. पण ती वेळेची नाही, प्रश्नांची आहे.

‘वरची दाढ काढल्यास डोळे अधू होतात का?’ नाही. दाताची नस आणि दृष्टीची नस वेगवेगळ्या. दाढ काढण्याचे वय आणि चाळिशी लागण्याचे वय एकच, एवढाच संबंध.

‘आजोबांची कवळी रात्री काढावी का?’ काढावी, ब्रशने धुवावी आणि पाण्यात ठेवावी. हिरड्यांनाही विश्रांती हवी. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर दात काढण्यापूर्वी त्या मनाने बंद करू नयेत. आम्हाला सांगावे, आम्ही त्यांच्या डॉक्टरांशी बोलू.

शेवटची चिठ्ठी लहान अक्षरातली आहे. ‘माझी आजी गावाला मिश्री लावते. तिला कसे सांगू?’

बाळ, तू काही सांगू नकोस. पुढच्या सुट्टीत गेलास की दुपारी अंगणात तिला म्हण, आजी, तोंड उघड, मला बघायचंय. ती हसेल, पण उघडेल. खालचा ओठ हलकेच खाली ओढून बघ. पांढरे काही दिसले तर बाबांना सांग आणि तिला घेऊन या. मी शनिवारी सकाळी नऊपासून दवाखान्यात असतो.